बसलेली गाडी

खल्फान म्हणाला, अकरा हजार दिरहम, सिस्टर,
तुम्ही म्हणून. बाहेर पंधरा सांगतोय.
रास अल खैमात, नखीलच्या मागच्या गल्लीत
घाफच्या विरळ सावलीत
ती काळी मर्सिडीज पोट टेकून बसली होती,
ओझं उतरायची वाट बघणाऱ्या उंटासारखी.

एअर सस्पेन्शन, शेरजमान म्हणाला,
रात्रीतून हवा सुटते, चावी फिरवली की उठेल.
आणि उठली खरंच,
आधी मागून, मग पुढून,
कण्हत.

मी सतरा वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात आहे.
उठताना कण्हणाऱ्यांचं मला काही वाटत नाही.
बॉनेटवर तळवा ठेवला. धडधड एकसारखी.
खाली ओल दिसली, बोटाने पुसून हुंगली :
पाणी. एसीचं.
तरी शेरजमान टॉर्च घेऊन खाली शिरला
आणि तिथूनच यादी वाचू लागला.
कॉम्प्रेसर साडेतीन हजार. पुढचे स्ट्रट, त्याचे वेगळे.
इंजिनाचे माउंट. आणि रबर तर सगळंच, बाजी,
या उन्हात रबराचं वय माणसासारखं नाही,
कुत्र्यासारखं मोजायचं.

मीटरवर एक लाख चाळीस. त्याचा विश्वास बसेना.
माझा बसला. ती कुठे जायची मला ठाऊक आहे :
घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर,
शनिवार, सोमवार, बुधवार, सहा वर्षं.
त्याआधी ससाणे घेऊन वाळूत गेली असेल,
तेवढं मी धरलंच नाही.

अबू खल्फानना मीच व्हीलचेअरवरून
मागच्या सीटवर सरकवायचे.
मग दार.
धाडकन नाही, खटकन नाही,
दुलईवर दुलई पडावी तसं.
आतले ते, बाहेरची मी,
आणि मध्ये अचानक काहीच आवाज नाही.
माझ्या यारिसचं दार लावलं
की पोह्यांचा डबा आपटल्यासारखं वाजतं.

कुडाळच्या फ्लॅटचे अजून एकोणतीस हप्ते.
ऋजुताची फी जूनमध्ये.
ह्यांना फोन केला तर म्हणाले,
चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.
मी म्हटलं, कोंबडी अकरा हजारांची आहे.
मग दोघंही गप्प. फोनचे पैसे चालू.

खल्फानने चालकाचं दार उघडून धरलं.
मी मागे बसले.
का, ते मला विचारू नका.
चामडं त्यांच्या बाजूला खोल गेलेलं,
मला पुरून उरलं.
हाताशी एक छोटी रक्षापात्री, लाकडी झाकणाची.
ते सिगारेट ओढत नव्हते.
उघडली.

खजुराच्या बिया.
सात. चोखून चोखून स्वच्छ केलेल्या,
एकीला अजून धागा.
वल्लाह, सिस्टर, एकही नाही, म्हणायचे,
छातीवर हात ठेवून,
आणि पोटॅशियम सहा पॉइंट चार.
मी लॅबवाल्या पोराला झापलं होतं,
नमुना खराब केलास म्हणून. दोनदा.

हसू आलं ते आधी नाकातून आलं.
खल्फान आरशातून बघत होता. साफ करून देतो, म्हणाला.
मी झाकण लावलं.
नऊ, म्हटलं. आणि कॉम्प्रेसर तुझा.
त्याने अगदी बापासारखं तोंड केलं,
मोठी सुई पाहिल्यावर ते करायचे तसं,
आणि इंजिन बंद केलं.

शेरजमान हात पुसत काचेशी आला.
नका घेऊ, असं काहीतरी बोलत असावा,
ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

उद्या सांगते, म्हटलं.
गाडी माझ्यासकट बोटभर खाली बसली,
मग आणखी बोटभर.
मी उतरणारच होते.